अनारशांना लागलेली खसखस

"भाऊ, इथले साहेब आमचा डबा परत देत नाहीयेत," साताऱ्याचे कुलकर्णीकाका फोनवर म्हणाले. मी विमानतळाबाहेर गाडी घेऊन उभा होतो. शेजारी त्यांची मुलगी. लग्नानंतरची तिची ही शारजातली पहिली दिवाळी.

"कसला डबा, काका?"

"फराळाचा. खसखस आहे म्हणतात."

मी शारजात राहतो आणि मराठी कुटुंबांना शारजा, अजमान, फुजैरा दाखवतो. निघण्याआधी प्रत्येकाला फोन करतो. शारजात दारू मिळत नाही, मागू नका. बीचवर अंग झाकणारे कपडे घाला. अनोळखी बायकांचे फोटो काढू नका. आणि खसखस आणू नका. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, इथे अमली पदार्थांत धरतात. काकूंना हे मी तीनदा सांगितलं होतं.

"काकूंना द्या."

"अहो, एक पुडीसुद्धा आणली नाही," काकू म्हणाल्या. "हे तर अनारसे आहेत."

"अनारशांना काय लावता?"

"खसखसच लावतात. पण ती तळलेली आहे हो."

मी डोळे मिटले. पलीकडे अधिकारी हिंदीत विचारत होता, "अम्मा, ये ऊपर क्या है?" काकूंनी त्यालाही खरं सांगितलं. वर म्हणाल्या, "घर का है, एकदम साफ."

"काकू, आता गप्प बसा."

"बाबा, आईला अटक करतील?" मुलीने फोन माझ्या हातातून घेतला. तेवढ्यात फोन कट झाला. नंतर काका फोन उचलेनात. ती गाडीत बसेना, उन्हात उभी राहिली. मी आत जाऊ शकत नव्हतो. बाहेरच्या काउंटरवर विचारलं, तर "वेट करो, इन्शाल्ला हो जाएगा."

दुपार गेली. संध्याकाळी दोघं बाहेर आले. डबा जप्त. जबाब लिहून घेतला, समज दिली, सोडलं. प्रत्येकाला असं सोडतीलच असं नाही, हे मी गाडीत सांगितलं. मुलगी आईचा हात धरून रडत होती.

"सगळे टाकले हो," काकू म्हणाल्या. "किती जाळीदार झाले होते."

मी गाडी चालवत राहिलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

पूर्वी हे फोन माझी बायको करायची. यंदा ती नाही. ती खसखशीचं नावच काढत नसे. "डब्यात काय काय आहे?" एवढं विचारायची आणि अर्धा तास ऐकत बसायची. मला तो वेळ वाया गेलेला वाटे. हल्ली मीही तसंच विचारतो.

काकूंचा किस्सा ऐकलेल्या सांगलीच्या एक बाई परवा म्हणाल्या, "अनारसे मुळीच नाहीत हो. लेकीसाठी नुसता घरचा मसाला."

मी खुर्ची ओढून बसलो. "मसाल्यात काय काय आहे, ताई?"