बिरोबाचा हात

सांगोल्याकडच्या माळावर धुळाप्पासारखी कातर चालवणारा माणूस नव्हता. मेंढरू मांडीवर घेतलं की अंगावरचं घोंगडं काढावं तशी लोकर सलग उतरायची. एकोणीसशे तीस सालानंतर कधीतरी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आणि गंमत बघा, कातर धरली की हात गुमान काम करायचा. निवांत बसला की अंगठा नि बोटं आपली चाळवत राहायची, तंबाखू मळल्यासारखी. चाल मंदावली, आवाज खाली गेला.

वाडीनं निकाल लावून टाकला. कामात अडवत नाही, रिकामं बसलं की हलवतं, म्हणजे हा बिरोबा देवच अंगात आलाय! बायको म्हाळसाबाई तर हरखून गेली, रोज त्याच्या कपाळाला भंडारा लावायला लागली. धुळाप्पा वैतागायचा.

"अगं, देव आला असता तर मला कळलं असतं की! दुखणं हाय हे."

दुखणं वाढून कातर सुटली तर जगायचं कशावर, ही त्याला खरी धास्ती. म्हणून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं टुमणं त्यानं लावलं. म्हाळसाबाई ऐकता ऐकेना, अखेर "जावा बाबा एकदाचं" म्हणाली. शेजारच्या सिद्धनाथची बैलगाडी लोकर घेऊन सोलापूरला निघणार होती, तिच्यात जागा ठरली.

गाडी निघायच्या आदल्या दुपारी सिद्धनाथची बायको गोजाबाई लेकीला कडेवर घेऊन धावत आली. पोरीला फेफरं यायचं. सासऱ्यानं डाग द्यायला चुलीत विळा तापत घातला होता.

"मामा, बिरोबाला इचारा. डाग देऊ का नको?"

"नको! सोलापूरला न्या तिला," धुळाप्पा म्हणाला.

मागोमाग सासरा आलाच. "तू कोण सांगणार? देव म्हनंल तर ऐकतो."

धुळाप्पानं मांडीवरच्या हाताकडं बघितलं. मेला तो हात, नेमका तेव्हाच जोरात हलत होता. आता देवाच्या नावानं बोललो तर आपलं सोलापूर संपलं, हे त्याला लख्ख कळत होतं. पोरगी डोळे मिटून आईच्या खांद्यावर पडली होती. त्यानं डोळे मिटले, हात मोकळा सोडला.

"डाग द्याल तर खबरदार! पोरीला मोठ्या दवाखान्यात न्या. बिरोबा सांगतोय."

सासऱ्यानं तिथंच जमिनीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पा पटका बांधून गाडीपाशी गेला. वेडी आशा, दुसरं काय! सिद्धनाथनं त्याचे पाय धरले. "देवा, तुमी कशाला? देवाला कुटला डाक्टर बघणार?"

"मी म्हनत नव्हते व्हय?" म्हाळसाबाईला आनंदानं रडू फुटलं.

देव नव्हे, आपणच बोललो हे खरं सांगितलं असतं तर पोरीला गाडीतून उतरवलं असतं आणि विळा परत चुलीत गेला असता. धुळाप्पा गाडीपासून मागं सरला.

काही आठवड्यांनी गोजाबाई लेकीला घेऊन पाया पडायला आली. बाटलीतल्या खारट औषधानं फेफरं पुष्कळ कमी झालं होतं, पण ते अजून कैक वर्षं चालू ठेवायचं होतं.

"डाक्टर लई भला माणूस. तुमच्या हाताचं सांगितलं, तर म्हनतो त्यांना घेऊन या, मेंदूचा आजार दिसतोय, थरथर कमी करायचं औषध हाय. मी म्हटलं, आजार कुटला? आमचा बिरोबा हाय त्यो!"

औषधाचं नाव विचारावं, असं धुळाप्पाच्या अगदी ओठांवर आलं होतं. अंगणात पोरगी कोकरामागं धावत होती, तिचा आजा कौतुकानं बघत उभा होता. धुळाप्पानं हात घोंगड्याखाली घेतला.

"बरोबर बोललीस, पोरी," तो म्हणाला.