अध्यक्षबाईंची खुर्ची

नम्र माणूस म्हणजे गरीब गाय, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आत्याला एकदा भेटायला हवं होतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी पिळून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि जीभ त्याहून तयार. दर रविवारी उपासनेच्या आधी आणि नंतर चर्चचा संडास तीच घासायची. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा आधी सभा बोलावली होती का?"

चर्चच्या मंडळीने तिला कमिटीची अध्यक्ष निवडलं आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. मास्तर म्हणजे आमचे सचिव. शाळेतून निवृत्त झाले, पण छडी काही हातातून सुटली नाही. अध्यक्षांनी पुढे, वेदीजवळच्या खुर्चीत बसावं, हातात ब्रश शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्याने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

मग बिशप येणार ठरलं आणि मास्तरांनी कहर केला. पाहुण्यांसाठी स्वच्छ राहावा म्हणून संडासाला चक्क कुलूप ठोकलं. आमच्या मंडळीतल्या काठीवाल्या आजींना उपासनेच्या मध्येच संडासाला उठावं लागतं, हे मास्तरांना माहीत होतं. म्हणून आजींना निरोप धाडला, आज घरीच प्रार्थना करा.

आजी तरीही आल्या. कुलूप पाहून दारातच रडायला लागल्या.

"जाते गं मी. पाहुण्यांसमोर फजिती नको."

"कुठे जाता?" आत्याने त्यांना अडवलं. "हे घर माझ्या बापाचं आहे, तसं तुमच्याही बापाचं आहे."

आत्याने मास्तरांकडे किल्ली मागितली. "पाहुणे गेल्यावर देतो," ते म्हणाले. आत्या वाद घालत बसली नाही. कोठीतून हातोडा आणला. आत पहिलं गीत सुरू झालं होतं आणि इकडे कुलपावर घाव पडत होते. मला इतका आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

कुलूप तुटलं. मग ती भर उपासनेत सरळ पुढे गेली, अध्यक्षांची खुर्ची उचलली आणि बिशपांच्या समोरून मागे, संडासाच्या दाराजवळ आणून ठेवली. बाकावरून आजींना उठवत नसे. या खुर्चीला धरायला दोन हात होते. तिने आजींना त्यात बसवलं.

मास्तर लालबुंद होऊन धावत आले. कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उद्याच सभा बोलावतो. पद जाईल तुमचं!"

"बोलवा की. आजींनाही घेऊन येते सभेला."

"अहो, पण अध्यक्षांची खुर्ची ती! आता तुम्ही बसणार कुठे?"

आत्याने तोवर बादली उचलली होती.

"बसायला अध्यक्ष झाले नाही मी, मास्तर. सरका, अंगावर पाणी सांडेल."