डावा हात खिशात

माझा मित्र गेला तो माझ्या चुकीने. हे वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला सांगायला मला सहा वर्षं लागली. तेवढी वर्षं त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या.

मी तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. मित्र नाशकात कारखान्यात फिटर होता. दोघांनाही वायरलेसचं वेड. परवान्याची परीक्षा एकदमच पास झालो आणि इंदिरानगरच्या त्याच्या घरी, मागच्या खोलीत ट्रान्समीटर बांधायला घेतला. मी रविवारी एसटीने जायचो. "या मास्तर, तुमचे मित्र सकाळपासून सोल्डरिंगचा धूर खाऊनच आहेत," असं म्हणत वहिनी दार उघडायच्या.

ट्रान्समीटरच्या व्हॉल्व्हना आठशे व्होल्ट लागत. त्यासाठीच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर बटण बंद केल्यावरही वीज धरून ठेवतात. ती जिरावी म्हणून त्यांना एक रेझिस्टर जोडलेला असतो, आम्ही त्याला ब्लीडर म्हणायचो. आमचा नेम ठरलेला होता. बटण बंद करायचं, मोठ्याने साठपर्यंत आकडे म्हणायचे, मग डावा हात खिशात घालून एकट्या उजव्या हाताने काम करायचं. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते. खरं तर आकडे झाल्यावर कपॅसिटरच्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून वीज उरली नाही याची खात्री करायला हवी. पण साठ आकड्यांवर आमचा इतका भरवसा बसला होता की ते आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. शहाणे ना आम्ही!

एका रविवारी ब्लीडर करपल्याचा वास आला. मित्र बाहेर शेजाऱ्यांशी बोलत होता. मी तो काढून खिशात टाकला, पुढच्या वेळी जाड बघून आणू म्हटलं. तेवढ्यात एसटीची वेळ झाली आणि घाईत सांगायचं राहिलं. आडगावच्या पुढे गेल्यावर आठवलं. पोस्टकार्ड टाकू, असं मनाशी ठरवलं. आठवडा पेपर तपासण्यात गेला. कार्ड टेबलावर कोरंच पडून होतं.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. सकाळी तो सेट लावून बसला असताना लाइट गेली. एका व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टोपी सैल झाली होती, ती तेवढ्यात घट्ट करावी असं त्याला वाटलं असणार. लाइट नसतानाही तो साठपर्यंत आकडे म्हणाला. वहिनींनी ते स्वयंपाकघरातून ऐकले. साठनंतर काही ऐकू आलं नाही.

त्याच्या अंगावर लुंगी होती. डावा हात सेटच्या पत्र्यावर होता.

"पँट मीच भिजत घातली हो भाऊजी," दहाव्याच्या दिवशी वहिनी म्हणाल्या. "खिसा असता तर हात तिथे गेला नसता."

तेव्हाच बोलायला हवं होतं. "तुमचा काय दोष, वहिनी," एवढंच मी म्हणालो. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून दटावणारा मी! मला माझीच शिसारी आली, तरी तोंड उघडलं नाही.

दर दिवाळीला जात राहिलो. वहिनी चहा करायच्या आणि पँटचा विषय निघायचाच. सहाव्या वर्षी दोरीवर त्यांच्या मुलीचे फ्रॉक वाळत होते. प्रत्येकाला डाव्या बाजूला हाताने शिवलेला खिसा होता. मग मला राहवेना.

"वहिनी, त्या सेटमधला एक रेझिस्टर मी काढला होता. त्याला सांगितलं नाही."

त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं.

"म्हणजे तो असता, तर खिसा नसतानाही हे वाचले असते?"

"हो."

"आणि हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणारच नाहीत. आल्या त्या हातात इस्त्री केलेली पँट घेऊन. माझ्या मांडीवर ठेवली.

"इतकी वर्षं मी सांभाळली. आता तुम्ही सांभाळा."

ती माझ्या कपाटात आहे. डावा खिसा हात घालून घालून विरलेला आहे.