शेपटीतले हात

मला एका वळूचा हेवा वाटायचा. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा दूरच्या केंद्रात तो खाऊनपिऊन मस्त होता आणि त्याचं गोठवलेलं वीर्य बारीक कांड्यांत भरून माझ्या मोटारसायकलवरच्या डब्यात असायचं. अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर गाय माजावर आली की मला फोन यायचा, मी जाऊन त्या कांडीनं ती भरवायचो, आणि ती व्यायली की घरी खरवस यायचा. बायको तो शेजारी वाटून टाकायची. आमच्या घरचा पाळणा काही हलत नव्हता.

नवीन कांड्या आल्या की एखाद्या कांडीतला थेंब आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. जत्रेत कुस्त्यांच्या फडाकडं माणसं पळावीत तसे सगळे शुक्रजंतू शेपट्या मारत निघालेले. मी डोळा बाजूला घ्यायचो आणि दिवसभर चिडचिड करायचो.

शेवटी नगरला जाऊन माझी तपासणी करून घेतली. संख्या भरपूर, पण हलत एकही नव्हता. डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला. शेपटी आडवी कापली तर आत असं दिसतं म्हणाल्या. कडेनं सूक्ष्म नळ्यांच्या नऊ जोड्या, मधे दोन सुट्या. प्रत्येक जोडीला चिमुकले हात असतात. ते शेजारच्या जोडीला धरून सरकवतात, तशी शेपटी वाकते, आणि ते वाकणं लाटेसारखं टोकाकडं गेलं की पोहणं होतं. तुमच्यात बहुधा ते हातच नाहीत. मग त्यांनी विचारलं, नेहमी सर्दी असते का? माझं नाक लहानपणापासून वाहतंय. वाड्यांवर मला शेंबडा डॉक्टर म्हणतात, तोंडावर नाही एवढंच. नाकातल्या आणि श्वासनळीतल्या अतिसूक्ष्म केसांनाही हलायला तेच हात लागतात, असं बाई म्हणाल्या. म्हणजे माझं नाक आणि नशीब एकाच ठिकाणी अडलं होतं. त्या जनावराच्या शेपटीशेपटीत हात, आणि माझ्याकडं एकाला नाही. मी जळफळतच घरी आलो.

आशा एवढीच होती, की न हलणाऱ्यांत कुणी जिवंत निघाला तर त्याला सुईनं उचलून बायकोच्या बीजात सोडता येईल. सगळे मेलेले असले तर दुसऱ्या कुणाचं तरी वीर्य घ्यायचं. दुसऱ्याचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं वळूच यायचा, आणि जेवण जायचं नाही.

पुढच्या खेपेला बाईंनी नमुना एका पातळ द्रावणात टाकला. जिवंत असेल तो पाणी पिऊन फुगतो आणि त्याची शेपटी वळते, मेलेला तसाच सरळ राहतो. मी या धंद्यातला म्हणून त्यांनी मला आधी बघू दिलं. जिकडं बघावं तिकडं सरळच. मग कडेला एक शेपटी आकड्यासारखी वळलेली दिसली, तिच्या पलीकडं आणखी एक. मी बायकोला दंडाला धरून पुढं बसवलं. ती किती तरी वेळ उठेचना.

पण मी सुखानं बसेन तर ना. परत येताना एसटीत मला नवीनच सलायला लागलं. सुई कुणी परका डॉक्टर धरणार, कुठला उचलायचा तेही तोच ठरवणार. तालुकाभर हे काम माझ्या हातानं झालं आणि माझ्याच घरचं दुसऱ्याच्या हातानं होणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

बायको खिडकीबाहेर बघत होती.

“तुमी येवढ्या गाया भरवल्या,” ती म्हणाली, “त्या वळूनं कदी तुमच्यावर दातओठ खाल्लं का?”