गालावरचं वांग आणि सोसायटीची सभा

तारीख ९ मे १९८३, सोमवार, सकाळचं दूध गेल्यानंतर. जागा: आमच्या गावच्या दूध सोसायटीची खोली, तामलवाडीपासून पायी पाऊण तास. हजर: चेअरमन अण्णा, कमिटीचे चार सभासद, त्यांतले एक तक्रारदार, आणि मी, सेक्रेटरी. गैरहजर दोघं: एक लग्नाला गेलेले, एकाचं कारण आलं नाही. दाराबाहेर ओट्यावर दूध घालून थांबलेल्या बाया. त्या मी मोजल्या नाहीत, पण रिकामी भांडी चौदा होती.

विषय एकच होता: माझं तोंड.

वांग मला धाकटीच्या बाळंतपणानंतर आलं. आधी नाकाच्या दांडीवर तपकिरी छटा, मग दोन्ही गालांवर डाग, नकाशात तालुके दाखवतात तसे. बहात्तरच्या दुष्काळात दोन उन्हाळे खडी फोडली होती, त्या उन्हाचाही त्यात वाटा असणार. दुखत नाही, खाजत नाही. फक्त समोरचा माणूस बोलताना डोळ्यांत न बघता गालाकडे बघतो.

सोसायटीचं काम मला मिळालं ते मॅट्रिक झाल्यामुळे. गावात तेव्हा तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. आमची वस्ती छप्पन्नच्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेली. दुधाच्या मापाला आमच्या घरातला हात लागतो म्हणून पहिल्या वर्षी कुरकुर झाली. अण्णा मेंढरं विकून म्हशींकडे वळलेले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "दूध कॅनमधी गेल्यावर कुणाचं कंचं, ते काढून दाखवा. मग बोलू." कुरकुर थांबली. हाताबद्दल बोलायची सोय राहिली नाही, तेव्हा तोंड सापडलं.

पण ते सापडायला कारण मीच दिलं. ते आधी सांगते.

मला वही ठेवायची सवय. वांगासाठीही एक पान केलं होतं: उपाय, किती दिवस, निकाल. मसुराचं पीठ, एकवीस दिवस, काही नाही. लिंबू, नऊ दिवस, आग. कोरफड, महिनाभर, गाल मऊ पण डाग तसाच. कळंबच्या बाजारातून नणंदेनं आणलेली ट्यूब, दोन महिने. लावत होते तोवर उजळ, सोडल्यावर दुप्पट. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ते पान बघून म्हणाल्या, "लिवून वांग जात असतं तर तलाठ्याचं तोंड आरशावानी असतं."

मग त्यांनीच जायफळ सुचवलं, कच्च्या दुधात उगाळून. जायफळ होतं, दूध नव्हतं. त्या उन्हाळ्यात शेळी आटलेली, विकतचं पावशेर धाकटीला. आणि सोसायटीत मात्र नमुन्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या. प्रत्येकाच्या दुधातलं रोज थोडं बाटलीत घ्यायचं, दहा दिवसांनी फॅट तपासायचं. तोवर नासू नये म्हणून त्यात फॉरमॅलिनचे थेंब टाकायचे. तपासून उरलेलं खड्ड्यात ओतायचं. थेंब मी स्वतःच्या हातानं टाकत होते. तरी मनात आलं, प्यायचं थोडंच आहे, लावायचं तर आहे.

चार संध्याकाळी त्या उरलेल्या दुधात जायफळ उगाळून लावलं. पाचव्या सकाळी गाल लाल आणि आग. आठवड्यानं साल निघायला लागली आणि खालचं वांग आधीपेक्षा काळं. मी निकालाच्या रकान्यात "चूक माझी" असं लिहिलं आणि तसंच तोंड घेऊन मापाला बसले.

तक्रार तिसऱ्या दिवशी आली. तक्रारदारांच्या दावणीला सहा म्हशी आणि घरात बिनकामाचा पुतण्या. "शेक्रेटरीबाईला चामडीचा रोग हाय. दुधात कातडं पडंल, सगळ्या गावाला लागंल." कमिटीनं मला पंधरा दिवस दिले. डॉक्टरची चिठ्ठी आणायची, नाहीतर खुर्ची सोडायची. खुर्ची सोडणं म्हणजे पुन्हा रोजगार हमीच्या कामावर डोक्यावर टोपलं. तेवढ्यासाठी मी मॅट्रिक झाले नव्हते.

तुळजापूरला एसटी बदलून उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. मी वहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, फॉरमॅलिनपाशी बोट ठेवून थांबल्या.

"हे आम्ही कशाला वापरतो, माहीत आहे? मेलेल्या माणसाचे अवयव बरणीत टिकवायला."

"मला वाटलं, दूध टिकतं तर…"

"तुम्ही जिवंत आहात, बाई."

मला हसू आलं, मग त्यांनाही. त्यांनी गाल उजेडाकडे वळवून बघितले. म्हणाल्या, हा रोग नाही, कुणाला लागत नाही. वांग बाळंतपणानं येतं, उन्हानं वाढतं, चोळण्यानं अजून वाढतं. भाजलंय ते भरून येईल. मग विचारलं, "रोज किती ऊन लागतं?"

मी मोजलं. मापाचं टेबल ओट्यावर, तोंड पूर्वेला, वर छप्पर नाही. सहाला बसते. दूध संघाची गाडी आठला यायला हवी, येते दहाला. तोवर कॅन सोडून हलता येत नाही.

"म्हणजे तुमचं औषध ओट्यावर आहे," त्या म्हणाल्या. चिठ्ठी दिली, सकाळी लावायला पांढरं मलम दिलं, आणि बाकी सगळं बंद करायला सांगितलं. "सहा महिने धीर धरा. रोज आरशात मोजू नका." ही शेवटची सूचना मला सगळ्यांत अवघड गेली.

परत आल्यावर दोन सकाळी मी मापाबरोबर दुसरं एक काम केलं. आजवर मी फक्त दुधाकडे बघत होते; आता दूध घालणाऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. पदर मागे सरकला की दिसायचं. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या ओठावर, दोन गड्यांच्याही गालावर. यादी केली. तेवीस.

सभेत अण्णांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावली. तक्रारदार म्हणाले, "डाक्टर काय, कुणालाबी चिठ्ठी देतेत. डोळ्याला दिसतंय ते खोटं हाय व्हय?"

मी म्हणाले, "खोटं नाही. पण नियम करायचा तर सगळ्यांना करू. या वांगानं दूध बिघडतं म्हणता, तर असंच वांग असलेली तेवीस माणसं रोज इथं धार काढून आणतात. मी नुसतं मापते, त्यांचे हात तर म्हशीच्या सडाला लागतात. त्यांचंही दूध उद्यापासून बंद करावं लागेल. यादी माझ्याकडे आहे. नावं वाचणार नाही, अण्णांच्या हातात देते."

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. तक्रारदारांच्या मालकीणबाई होत्या, दारातच उभ्या. "बाई, त्या यादीत म्या हाय का?"

मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "इच्यारती तर सांगा."

"आहात, वहिनी."

त्यांनी पदर पुरता मागे घेतला. माझ्याहून गडद होतं, दोन्ही गालांवर. नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मग सहा म्हशींचं दूध उद्यापासनं तुमीच प्या. मला घालाया बंदी हाय."

आधी ओट्यावरच्या बाया हसल्या, मग कमिटी, शेवटी अण्णासुद्धा. तक्रारदारांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तसं न्हाय म्हनलं म्या," एवढंच म्हणाले. तक्रार मागे घेतल्याची नोंद मी तिथल्या तिथं केली आणि त्यांची सही घेतली. अक्षर चांगलं होतं त्यांचं.

सभा संपवू दिली नाही. लोखंड तापलं होतं, म्हणून दुसरा विषय मांडला: टेबलावर पत्र्याचं छप्पर, टेबल उत्तरेच्या भिंतीला, आणि गाडीच्या वेळेबद्दल संघाला पत्र. तिन्ही मंजूर. महिनाअखेर पत्रे चढले. त्यांतले दोन तक्रारदारांच्याच गोठ्यावरून आले. वहिनींनी काढायला लावले होते. गाडी पावसाळ्यात नऊवर आली. आठवर कधीच आली नाही.

वांग दिवाळीपर्यंत निम्मं उतरलं, पुढच्या दिवाळीपर्यंत जवळजवळ गेलं. नाकाच्या दांडीवर थोडं राहिलं, अजून आहे. वहिनी, आणि मागोमाग पाच-सहा जणी, दूध घालायला येताना डोक्यावरून टॉवेल कपाळापर्यंत ओढून यायला लागल्या. आत्यांनी जायफळ कढीत घालून संपवलं. मी त्या खुर्चीवर पुढची अनेक वर्षं बसले, आणि समोरची माणसं माझ्या डोळ्यांत बघून बोलत.

त्या दिवशी वहीत लिहिलेल्या कामांत एक चौथंही होतं. छप्पर टेबलापुरतंच झालं, म्हणजे माझ्यापुरतंच. दूध घेऊन थांबणाऱ्यांची रांग ओट्याखाली, उघड्या उन्हात. "रांगेवर सावली" असं मी लिहिलं होतं. एकदा पत्रे आले ते गोदामाला गेले, एकदा कडुलिंब लावला तो शेळ्यांनी खाल्ला. मागच्या आठवड्यात तिकडे गेले होते. सकाळचे साडेआठ, रांग तिथंच, ऊन तोंडावर. वहीतल्या त्या ओळीपुढे अजून खूण नाही.