नेस्टरच्या बाजूचा खांब

ओरेस्ट डॅनिल्को घरात फारसा बोलत नसे. मीठ दे, अंगणातला बर्फ काढलाय, गाडीत पेट्रोल भरलंय, एवढ्या शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. त्याची बायको व्हर्ना मला म्हणायची, "चाळीस वर्षं संसार केला या माणसाशी, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला नेस्टरकडून कळतं."

इथं कॅनडात, यॉर्कटनला, मी त्यांच्या शेजारी एकोणतीस वर्षं राहतेय. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. उन्हाळ्यात व्हर्ना तिच्या बाजूला बीट आणि शेपू लावते, मी माझ्या बाजूला मेथी आणि मिरच्या. आमच्या सगळ्या गप्पा त्या कुंपणावरच्या. त्यामुळे हे जे सांगतेय त्यातलं काही मी पाहिलेलं आहे, बाकीचं तिनं सांगितलेलं.

नेस्टर बिल्यक हा ओरेस्टचा कामावरचा जोडीदार. दोघंही शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या डेपोत मेकॅनिक होते. तिथं एक मोठी लिफ्ट होती. बस वर चढवली की तिच्याखाली डाव्या बाजूला ओरेस्ट, उजव्या बाजूला नेस्टर. पस्तीस वर्षांत ही जागा कधी बदलली नाही. माना वर, कोपरापर्यंत हात काळे, आणि तोंडं अखंड चालू. व्हर्ना कधी विसरलेला डबा द्यायला जायची तेव्हा तिला दारातूनच नवऱ्याचं हसणं ऐकू यायचं. तसं तो घरी कधी हसत नसे. ती आत गेली की दोघं गप्प व्हायचे. "आलीस का, ठेव तिथं," असं म्हणून ओरेस्ट पुन्हा वर बघायला लागायचा. ती डबा ठेवून परत यायची. तिला राग यायचा असं नाही. पण त्या बसखाली काय बोलणं होतं ते एकदा तरी आपल्याला ऐकायला मिळावं असं वाटायचं, असं तिनं मला कितीदा तरी सांगितलं.

अठ्ठ्याऐंशी साली ओरेस्टनं घरामागं गॅरेज बांधलं. भिंती बारा फूट उंच. गल्लीतले लोक विचारायचे, ओरेस्ट, गहू साठवणार आहेस की काय? उंची नेस्टरनं सांगितलेली. निवृत्त झालो की इथं आपली स्वतःची लिफ्ट बसवू, असं दोघांचं ठरलं होतं. पुढं एका शेतकऱ्याच्या लिलावात त्यांनी निम्मे निम्मे पैसे घालून सहासष्ट सालचा एक मर्क्युरी पिकअप ट्रक घेतला आणि त्या गॅरेजात आणून ठेवला. लिफ्ट आली की त्याला नवा करायचा होता.

दोघं एकाच शरद ऋतूत निवृत्त झाले, दोन हजार चौदा साली. आणि दोनच महिन्यांत नेस्टरच्या बायकोचं, जोसीचं, फुप्फुसांचं दुखणं वाढलं. आमच्याकडची थंडी तिला सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. नेस्टरनं घर विकलं आणि तिला घेऊन तो पार समुद्रापलीकडच्या व्हँकुव्हर बेटावर, नॅनाइमोला गेला. गाडीनं दोन दिवस, वर बोटीचा प्रवास. निघताना त्यानं ओरेस्टच्या हातात ट्रकची दुसरी किल्ली दिली. ओरेस्टनं ती परत त्याच्याच खिशात घातली.

त्यानंतर ओरेस्टचं बोलणं आणखी आटलं. गुडघे गेलेले, त्यामुळे जमिनीवर पडून ट्रकखाली शिरणं जमेना. तो सकाळी गॅरेजात जाऊन रेडिओ लावायचा आणि जेवायला परत यायचा.

मग अठरा साली, बर्फ वितळायला लागला तेव्हा, एका सकाळी तो नाश्त्याच्या टेबलावर म्हणाला, "लिफ्ट मागवलीय."

"सदुसष्टाव्या वर्षी?" व्हर्ना म्हणाली. "या वयात लोक न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतात."

"नेस्टर जूनमध्ये येतोय," तो म्हणाला.

लिफ्ट दोन खांबांची होती. प्रत्येक खांबाला दोन लोखंडी हात, ते गाडीखाली सरकवायचे आणि गाडी उचलायची. सगळं वजन खांबांच्या पायाशी येणार, म्हणून आधी जमिनीचा कोबा किती जाड आहे ते बघायचं होतं. ओरेस्टनं दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि वाकडी तार आत घालून मोजलं. डावीकडं साडेचार इंच भरलं, उजवीकडं तीनही नाही. तो कोबा दोघांनीच घातलेला होता, डावी बाजू ओरेस्टनं आणि उजवी नेस्टरनं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं बियांची पाकिटं द्यायला गेले होते. ओरेस्ट फोनवर होता. "तुझी बाजू पातळ निघाली, लेका," तो सांगत होता. पलीकडून नेस्टरचा आवाज मलाही ऐकू आला. "त्या दिवशी बिअर कोणी पाजली होती मला?" ओरेस्ट हसला. व्हर्ना ओट्यापाशी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, ऐकलंस?

उजव्या बाजूचा कोबा चौकोनी कापून काढला. फूटभर खणलं, सळयांची जाळी बांधली, नवं काँक्रीट ओतलं. आता ते पक्कं व्हायची वाट पाहायची. ओरेस्टला आठवड्याभरात खांब उभे करायचे होते, पण नेस्टर फोनवर ऐकायला तयार नव्हता. "अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस. गाडी डोक्यावर घेऊन उभं राहायचंय आपल्याला." मग ओरेस्ट रोज सकाळी प्लास्टिक उचलून त्या चौकोनावर पाणी शिंपडायचा, पुन्हा झाकायचा आणि स्वयंपाकघरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर एक फुली मारायचा. व्हर्ना म्हणाली की दोन्ही मुलांच्या वेळी दिवस असे मोजले नव्हते यानं.

एकोणतिसाव्या दिवशी डेपोतले दोन जुने सहकारी आले आणि खांब उभे राहिले. खांब सरळ आहे ना ते बघायला मी त्याला लेव्हल लावून धरली होती. ओरेस्टनं एकेक बोल्ट आवळला, तारा ओढल्या, तेलाच्या नळ्या जोडल्या. रिकामे हात एकदा वर नेऊन खाली आणले. सगळं ठीक चाललं. ट्रक मात्र त्यानं चढवला नाही. पहिली गाडी नेस्टरबरोबर.

जूनच्या मध्याला नेस्टरचा फोन आला. जोसी दवाखान्यात होती. घरी आणली तरी आता तिला सतत नळीतून प्राणवायू लागणार होता आणि तिला एकटं सोडता येणार नव्हतं. ओरेस्ट म्हणाला, काही हरकत नाही, तिला सांभाळ, जुलैत बघू. जुलै गेला. ऑगस्टमध्ये नेस्टरनं स्वतःहून विषय काढला नाही आणि ओरेस्टनंही विचारलं नाही. त्यानं लिफ्टच्या मोटारीवर जुनी चादर टाकली. सकाळी गॅरेजात जायचा, डाव्या खांबापाशी स्टूल घेऊन बसायचा. कुंपणावरून मला त्याची पाठ दिसायची.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, व्हर्नानं आपली गाडी काढली आणि बाहेर न जाता सरळ गॅरेजात आणून दोन खांबांच्या मध्ये उभी केली. गेला महिनाभर तिच्या गाडीखालून खडखड येत होती. तिनं दोनदा सांगितलं होतं आणि ओरेस्टनं दोन्ही वेळा, डेपोतल्यांना दाखव, असं म्हटलं होतं.

"डेपोत जा म्हटलं होतं ना," तो स्टुलावरूनच म्हणाला.

"माझ्या घरात लिफ्ट आहे. मी डेपोत कशाला जाऊ?"

तो स्टुलावरून उठला. मोटारीवरची चादर काढली. गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि लोखंडी हात एकेक करून गाडीखाली सरकवले. गाडी वीतभर उचलली, ढकलून पाहिली, हलत नाही ना. मग बटण दाबलं. गाडी वर जायला लागली. खांबातले खटके कट् कट् करत एकेक जागी बसले. व्हर्ना म्हणाली, आपली गाडी खालून कधी पाहिली नव्हती, इतकी घाण असेल असं वाटलं नव्हतं.

ती उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तिकडं नको," ओरेस्टच्या तोंडून निघून गेलं.

"ती नेस्टरची बाजू आहे, माहितीये मला," ती म्हणाली. "नेस्टर इथं नाही. मी आहे. टॉर्च कुठं धरू ते सांग."

त्यानं सांगितलं. सायलेन्सरवरचा पातळ पत्रा सुटला होता, त्याचा आवाज होता. दहा मिनिटांचं काम. पण त्यातला एक स्क्रू गंजला होता, त्यावर तेल सोडून थांबावं लागलं. थांबल्या थांबल्या तो बोलायला लागला. आधी गंजाबद्दल. मग डेपोतल्या एका बसबद्दल, तिचा असाच स्क्रू एकदा त्याच्या हातात तुटला होता. कधीची गोष्ट, असं व्हर्नानं विचारलं. एक्याऐंशी, तो म्हणाला, फेब्रुवारी. आणि थांबला.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांना पहिली मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. पुढं दोन मुलगे झाले, ते मोठे होऊन कॅलगरीला गेले, पण त्या मुलीचं नाव त्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही. व्हर्ना दर वर्षी त्या तारखेला दुपारी एकटीच दफनभूमीत जायची. मला हे ठाऊक होतं. ओरेस्टला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

गाडीकडं बघत तो म्हणाला की मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला होता. घरात बसवेना. तो स्क्रू तुटला आणि तो बसखाली उभा राहून रडला. नेस्टरनं त्याला काही विचारलं नाही, फक्त दिवा दुसरीकडं फिरवला. पुढच्या वर्षी त्या तारखेला नेस्टरनंच जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली. तेव्हापासून दर वर्षी दोघं जायचे. नेस्टर येताना फावडं घ्यायचा. तो बेटावर गेल्यापासून ओरेस्ट एकटाच जायचा.

"बर्फ तुम्ही काढायचात?" व्हर्नानं विचारलं. "मी दुपारी जायचे तेव्हा दगड साफ असायचा. मला वाटायचं चर्चचा माणूस काढतो."

ओरेस्टनं मान खाली करून तिच्याकडं पाहिलं. तीही येत होती हे त्याला आत्ता कळत होतं. सदतीस वर्षं एकाच दिवशी, दोन-तीन तासांच्या अंतरानं.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

त्यानं स्क्रूवर पुन्हा तेल सोडलं. मग पुन्हा वर पाहत म्हणाला, "घरात तुझ्या तोंडाकडं बघून बोलावं लागतं. इथं वर बघायचं असतं."

स्क्रू निघाला, पत्रा बसला. पण गाडी लगेच खाली आली नाही. व्हर्ना जेवणाच्या वेळेपर्यंत टॉर्च धरून उभी होती. तिचा खांदा पुढं आठवडाभर दुखत होता. मला हे सगळं तिनं कुंपणावर सांगितलं, कोबीचा गड्डा हातात घेऊन, आणि सांगताना ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, "पस्तीस वर्षं नेस्टरनं ऐकलं ना, ते मी ऐकायला हवं होतं. ते आता मला परत कुठं मिळणार?" मी तिचा कोबी धरला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नेस्टर आला. जोसीची बहीण तिच्याजवळ राहायला आली होती, म्हणून त्याला तीन दिवस मिळाले. तो बारीक झाला होता. त्यानं आधी खांबाला हात लावला, मग खाली वाकून आपल्या बाजूचा नवा कोबा पाहिला आणि म्हणाला, बरा घातलाय, कोणाकडून करून घेतला? दोघांनी मर्क्युरी वर चढवला. तीन दिवस ते त्याच्याखाली होते. व्हर्ना स्वयंपाकघरात पिरोही, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, लाटत होती, बटाट्याचं सारण भरून, शंभर तरी केल्या असतील तिनं. मी मदतीला गेले होते. खिडकी उघडी होती आणि गॅरेजातून ओरेस्टचं ते हसणं येत होतं, मोठमोठ्यानं. व्हर्नाचे हात थांबले. मी विचारलं, जाऊन बघायचंय का? ती म्हणाली, नको, मी गेले की थांबतील.

चौथ्या दिवशी नेस्टर परत गेला. ट्रकचं काम अर्धंच झालं होतं. पुढच्या मे महिन्यात उरलेलं करू, असं बोलणं झालं. पण त्या हिवाळ्यात जोसी गेली, आणि नेस्टर तिच्या जागेपासून हलायला तयार नाही. तो रोज तिच्या थडग्याकडं चालत जातो. ओरेस्टनं दोनदा बोलावलं, मग बोलावणं सोडून दिलं. आता ओरेस्टच फोन करतो, गॅरेजातून, फोन बाकावर उताणा ठेवून, हात कामात घालून. दोघं फारसं काही बोलत नाहीत. कधी कधी नुसता पान्याचा आवाज जातो तिकडं.

व्हर्नाच्या गाडीला अलीकडं वरचेवर काहीतरी होतं. कधी खडखड, कधी कुईकुई. गेल्या शनिवारी मी बाहेर होते तेव्हा ती गाडी मागं घेऊन गॅरेजात चालली होती. मी विचारलं, आता काय झालं? ती म्हणाली, काही नाही झालेलं. त्यालाही माहितीये.