उंबऱ्याबाहेरचा हाजी

करमअलीचाचांची सगळी नोकरी दिघी ते आगरदांडा फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात गेली. ते हजहून परतले तेव्हा त्यांचा मुलगा नदीम आणि अर्धा मोहल्ला हार घेऊन उभा होता. चाचा मास्क लावूनच गाडीतून उतरले. नदीम मिठी मारायला पुढे झाला, तर त्यांनी हात आडवा धरला.

"लांब राहा. ताप हाय मला."

आणि ते घरात न जाता मागच्या सुपारीच्या वाडीतल्या खोपीकडे वळले. घरात सून महनूर होती, दिवस भरत आलेली.

खोप आधीच तयार होती. कोरोनात चाचा बोटीवरून खोकला घेऊन घरी आले, तेव्हा कोणी वेगळं कुठे झोपायचं हे घरात ठरलेलंच नव्हतं. चाचा बरे झाले. त्यांची बायको रहिमुन्निसा गेली. नंतर त्यांनी खोपीत खाट टाकली, भिंतीत मोठी खिडकी पाडली, वेगळं ताट आणि थर्मामीटर आणून ठेवला. पुन्हा साथ येणार, कधी ते कोणी सांगत नाही, एवढंच म्हणायचे. लोक खोपीला 'चाचांचं लॉज' म्हणत. चाचा हसत नसत, रागावतही नसत.

गावची आशाताई शकू खिडकीपासून लांब उभी राहिली. "फ्लू असणार, चाचा. तिकडे साऱ्या दुनियेची माणसं एकत्र."

"लस घेऊन गेलो होतो ना."

"म्हणून तुम्हाला हलका जाईल. पण तुमच्याकडून दुसऱ्याला होऊ शकतो. पोटुशी बाईला तो फार त्रास देतो."

"म्हणून तर इथं हाय."

हाजी घराचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याची दुवा कबूल होते, असं आमच्याकडे मानतात. एरवी दारात थोडा वेळ मिळतो. चाचा तर वाडीतच राहिलेले. लोक कुंपणापाशी येऊ लागले. कुणाला मुलाचा कुवेतचा व्हिसा हवा होता, कुणाला गुडघेदुखी थांबायला हवी होती.

"चाचा, यंदा मासळी चांगली लागू दे," सदू कोळी ओरडला.

"पावसाळ्याच्या बंदीत बोट तर किनाऱ्यावर ओढलीस ना तू?"

"म्हणून आत्ताच सांगतो. वरच्याला तयारीला वेळ नको? आणि तुम्ही जरा सावकाश बरे व्हा!"

सगळे हसले. चाचा प्रत्येकासाठी हात उचलत होते, तिकीट फाडताना असायचा त्याच चेहऱ्याने.

नदीम मात्र चिडला होता. "लोक म्हणतात, बापाला वाडीत टाकलाय."

"म्हणू दे."

महनूरला कळा सुरू झाल्या तेव्हा चाचांचा ताप अजून उतरला नव्हता. रिक्षा कुंपणापाशी थांबली. "अब्बा, माझ्यासाठी दुवा करा," ती आतून म्हणाली. चाचांनी हात उचलले. तिच्यासाठी दुवाच सुचेना. शेवटी सदूची मासळी, कुवेतचा व्हिसा, गुडघे, असं लोकांचंच सगळं ते परत पुटपुटत राहिले. रिक्षा गेली तरी त्यांचे हात वरच होते.

मुलगी झाली. दोघी धडधाकट होत्या. त्या घरी आल्या, तोवर चाचांचा ताप आणि खोकला गेला होता. शकूने तपासून सांगितलं, "आता जा आत."

चाचा उंबऱ्यापाशी थांबले. हात उचलले. स्वतःचं काही मागायचं राहिलंय का, ते आठवून पाहिलं. मग चपला काढल्या आणि आत आले.

नदीमने बाळ पुढे केलं.

"थांब," चाचा म्हणाले. "आधी हात धुतो."